पंचवीस मिलिमीटर

स्प्रिंगा बदलल्या म्हणून भाच्याच्या जुन्या पोलोला मागच्या आठवड्यात चलन पडलं आणि घरच्या ग्रुपवर निकाल लागला: 'गाडी कंपनीतून आली तशीच ठेवायची. बाकी सगळी थेरं.' लिहिणारे आमचे भावोजी. त्यांची वरात गोव्यात डिचोलीला बाबांच्या प्रीमियर पद्मिनीतून निघाली होती. तिचा स्टिअरिंगजवळचा गिअर बाबांनी मिस्त्रीकडून खाली बसवून घेतला होता. तेव्हा ती थेरं नव्हती. जुन्या जीपा, अँबेसेडर यांत मागाहून बसवलेली डिझेल इंजिनं होती, तीही कुणाला खुपली नाहीत.

इथे इंग्लंडात, स्विंडनला माझ्याकडे २०१३ची टोयोटा जीटी८६ आहे, मी तिचा तिसरा मालक. घेण्याआधी नंबर टाकून तिचे सगळे एमओटी, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचे निकाल, वाचून काढले. कुठला टायर कधी झिजला, ब्रेकचा पाइप कधी गंजला, सगळं त्यात होतं. दोन लिटरचं बॉक्सर इंजिन, २०० हॉर्सपॉवर, ओढ मागच्या चाकांवर, आणि टायर मात्र प्रियस या टोयोटाच्याच पेट्रोल वाचवणाऱ्या गाडीचे! आधी ते बदलले, मग ब्रेक पॅड, मग कॉइलओव्हर (उंची कमीजास्त करता येणाऱ्या स्प्रिंगा आणि शॉकअब्सॉर्बर) बसवून गाडी २५ मिलिमीटर खाली घेतली. प्रत्येक बदल विम्यावाल्यांना कळवला, हप्ता वाढला, तो भरला. दरवर्षी तपासणारा गाडीखाली उभा राहून एकेक सांधा हलवून बघतो. सगळं घट्ट असेल तर पास.

आणि आपल्याकडे? जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर निकाल दिला की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड आला. रात्री बाराला फुटक्या सायलेन्सरने अख्खा वाडा जागवणाऱ्याला जरूर पकडा. पण नीट स्प्रिंगा बसवणाऱ्या पोराला त्याच्याच रांगेत का उभं करता?

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. भावोजींचं उत्तर आलं: 'तिकडे बसून आमचे कायदे शिकवू नको. पासपोर्ट कुठला तुझा?'

पोर्तुगालचा. बाबांचा जन्म १९६१च्या आधीचा, पोर्तुगीज गोव्यातला, त्यावर मिळाला. भारताचा परत करून आलो त्या दिवशी मी कुणाला फोन केला नव्हता. भावोजींना अजून उत्तर दिलेलं नाही.

रविवारी सकाळी कॉट्सवोल्डच्या रस्त्यांवर ही गाडी काढतो, तेव्हा प्रत्येक वळणाला चोर्ला घाट आठवतो. खरं म्हणजे त्याच घाटासाठी घेतली मी ही गाडी. तीन वर्षांहून जुनी गाडी भारतात आणता येत नाही, हे घेतानाच माहीत होतं. तरी घेतली.

रात्री भाच्याचा वेगळा फोन आला. 'मामा, जुन्या स्प्रिंगा परत बसवू?'

'बसव. ठेवल्यास ना?'

'माळ्यावर आहेत. माटोळीच्या चौकटीमागे.'

चतुर्थीला गणपतीच्या वर फळं-पानं बांधायची ती चौकट बाबांनी आणि मी मिळून केली होती. अजून तीच बांधतात का, ते विचारायचं राहून गेलं.