पांढरी पाच, जराशी चढी

जिन्यात खालच्या काकू भेटल्या. भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाल्या, “अरे, तुझा तंबोरा पांढरी पाचला लावलेला असतो ना? जरासा चढलाय बघ.” पांढरी पाच म्हणजे पेटीवरची पाचवी पांढरी पट्टी, आणि चढा म्हणजे तिच्यापेक्षा किंचित वर.

माझ्याकडे तंबोरा नाही.

माझ्याकडे एक इलेक्ट्रिक गिटार आहे आणि तिच्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला पाटाएवढा एक काळा डबा. त्याला अँप मॉडेलर म्हणतात. आमच्या घरात त्याला ‘ते मशीन’ म्हणतात, आणि ‘ते’ या शब्दावर जो जोर असतो तो इथे लिहून दाखवता येत नाही.

गिटारचे अस्सल अँप, म्हणजे तिचा आवाज मोठा करणारे ॲम्प्लिफायर, काचेच्या व्हॉल्व्हवर चालतात. आजोबांच्या रेडिओत असायचे तसलेच व्हॉल्व्ह. ते तापून जरा ताणले गेले की आवाजाला एक खरखरीत गोडवा येतो, आणि त्या गोडव्यापायी माणसं बरबाद होतात. गोम अशी की व्हॉल्व्ह ताणायचे तर आवाजही मोठा करावा लागतो. पाचपाखाडीतल्या वन बीएचकेत १०० वॅटचा अँप ताणला, तर गोडवा कळायच्या आत सोसायटीची नोटीस हातात येईल. मग १० वॅटचा घ्यावा म्हटलं, तर वॅट दहापट कमी केले तरी कानाला आवाज साधारण निम्माच होतो. अर्धी नोटीस काही निघत नाही. म्हणून हे मशीन. आत गणितं करतं, ताणलेल्या व्हॉल्व्हचं सोंग आणतं आणि ते सोंग कुजबुजत्या आवाजात छोट्या स्पीकरवर ऐकवतं. मी घरून काम करतो. दोन मीटिंगच्या मधे एखादा तुकडा वाजवतो, त्यामुळे मशीन दिवसभर चालूच.

“म्हणजे हे नकला करणारं मशीन,” बायकोने पहिल्याच दिवशी निकाल दिला होता.

मी सांगितलं की अगं, नकलेचं एवढं काय घेऊन बसलीस? लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पहिला मार्शल अँप बनला, तोच मुळी अमेरिकेतल्या फेंडर कंपनीचा बेसमन अँप समोर ठेवून बनवलेला.

“मग हे नकलेची नक्कल करतं,” ती म्हणाली. तिच्याशी वाद घालताना मी नेहमी एक पुरावा जास्त देतो.

माझं हे मशीन जुनं झालं. तसं ते विकत घेतलं त्याच आठवड्यात झालं होतं. या धंद्याची रीतच ती आहे. १९९८ साली लाइन सिक्स कंपनीचा पॉड नावाचा असाच डबा आला, राजम्याच्या दाण्यासारखा. आकारही तोच आणि रंगही तोच. लोक म्हणाले, आता व्हॉल्व्ह संपले. २००६ मध्ये ॲक्स-एफएक्स आला, तेव्हा पुन्हा संपले. मग केम्पर, २०१५ मध्ये हेलिक्स. प्रत्येक वेळी व्हॉल्व्ह नव्याने संपतात आणि प्रत्येक वेळी कळतं की आधीचा डबा तसा खोटाच वाजत होता, आपण उगाच खूश होतो. २०२५ मध्ये तर केम्परची दुसरी आवृत्ती आणि हेलिक्सचा थोरला भाऊ स्टेडियम, दोघंही एकाच वर्षी उगवले. आमच्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटचंही असंच आहे. अकरा वर्षं दर सभेत आधीच्यापेक्षा मोठा कार्पेट एरिया येतो, आणि लोक राहतात मात्र त्याच घरात.

तर ऐरोलीच्या मित्राने नवा डबा घेतला. कोणता ते सांगत नाही. किंमत त्याने त्याच्या घरीही सांगितलेली नाही. एका शनिवारी तो पाठीवर तान्हं बाळ असल्यासारखी सॅक घेऊन आमच्याकडे आला. ऐरोली ते ठाणे लोकलमध्ये उभाच राहिला, कारण बसलं तर सॅक टेकते.

“माझ्या डब्याचा उशीर तुझ्यापेक्षा मिलिसेकंदभर कमी आहे,” तो म्हणाला. तार छेडल्यापासून आवाज बाहेर पडेपर्यंत मशीनला गणितं करायला जो वेळ लागतो, तो हा उशीर. मी मनातल्या मनात हिशेब केला. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात जेमतेम ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे लाखाच्या वर मोजून मला जे मिळणार होतं, ते खुर्ची फूटभर स्पीकरकडे ओढून फुकट मिळत होतं. मी खुर्ची ओढली. त्याला वाटलं, मी उत्सुकतेने सरकलो.

मग त्याने स्क्रीनवर बोट फिरवत एकेक गोष्ट दाखवायला घेतली. सॅग, बायस, रिपल, हम.

“हम म्हणजे?”

“खऱ्या अँपमध्ये एक बारीक गुंईंऽऽ असतं ना, ते. तेही हुबेहूब. हवं तेवढं वाढव, कमी कर.” तसं ते माझ्याही डब्यात होतं, पण मी कधी त्या पानापर्यंत पोचलो नव्हतो. अँप बनवणाऱ्यांच्या पिढ्यान् पिढ्या ते गुंईं घालवण्यात गेल्या, आणि आता ते परत घालायला वेगळे इंजिनीअर बसवलेत. ते नसलं तर म्हणे आवाज मेल्यासारखा वाटतो.

आम्ही परीक्षेला बसलो. गिटार एक, स्पीकर एक, दोन डबे, दोघांची तोंडं भिंतीकडे. वायरी बदलायला बायको. तिने एक अट घातली की तिच्याकडून कौतुक मागायचं नाही.

पहिला डबा लागला. मित्राने डोळे मिटले. “ऐक. वाजवायच्या आधीच ऐक. ती मागची गुणगुण ऐक. खोलीत अँप उभा असल्यासारखा वाटतो की नाही?”

खरंच वाटत होता. मी म्हटलं, “जिवंत आहे रे.”

दुसरा डबा लागला. त्यातही गुणगुण होती. “पण हिच्यात ऊब कमी आहे,” मित्र म्हणाला. मलाही ऊब कमी वाटली. असं आम्ही दहा मिनिटं त्या गुणगुणीचं रसग्रहण केलं. पहिली दाणेदार, दुसरी सपाट. मग बायको म्हणाली, “दुसऱ्या वेळी मी काही बदललंच नव्हतं. चहा उतू जात होता.”

मित्राने उठून नव्या डब्यातला हम शून्यावर आणला. गुणगुण तशीच. माझ्या डब्यातला आणला. तशीच. तारांवर हात ठेवला की दबायची, काढला की पुन्हा सुरू. (नॉइज गेट नावाची एक सोय असते. ती लावली की वाजवणं थांबताच सगळं गप्प होतं, पण लांबवलेला सूरही मुंडी मुरगळल्यासारखा मरतो. म्हणून मी ती बंदच ठेवतो.) लाखभराचा डबा आणि माझा म्हातारा डबा, दोघंही एकाच आवाजात भिंतीतली वीज गात होते.

तेवढ्यात बेल वाजली. काकू. “आज मैफल वाटतं? चालू दे, चालू दे. तंबोरा मात्र अजून चढाच आहे हो.”

त्या गेल्यावर मी कागद घेऊन बसलो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे गुणगुणही ५० ची आणि तिच्या पटीतली. खर्जातली पांढरी पाच ४९ ची. म्हणजे गुणगुण अर्ध्या सुराच्या साधारण एक तृतीयांश चढी. काकू विशारद आहेत हे ऐकून होतो. त्यांचा कान फरशीतून मीटर लावून बसलाय हे तेव्हा कळलं. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथली गुणगुण ना धड काळी पाच, ना धड पांढरी सात. बिचाऱ्यांना जिन्यात कोणी टोकतही नसेल.

वायरमन ‘आलोच’ म्हणाल्यापासून पाचव्या दिवशी आला. होल्डरला लावलेला बल्ब आणि दोन वायरी घेऊन त्याने बोर्डाची तपासणी केली. खालच्या दोन भोकांत वायरी घातल्या, बल्ब लागला. एक वायर वरच्या मोठ्या भोकात घातली, बल्ब ढिम्म.

“साहेब, हे भोक नुसतं शोभेला आहे. अर्थिंगच नाही.” त्याने बोर्ड उघडला. हिरवी वायर प्लास्टरच्या आत शेपटीसारखी दुमडून ठेवलेली, कशालाच न जोडलेली. “करून घ्यायचं की थांबायचं? बिल्डिंग तर पडणारच आहे ना?”

अकरा वर्षांत आमच्या बिल्डिंगमध्ये फुटलेली फरशी, गळणारा नळ आणि बंद पडलेली ट्यूब, सगळं याच एका वाक्यावर थांबून आहे. मी म्हटलं, करा. फ्रिजच्या बोर्डाचंही तेच निघालं. दोन्हींचे मिळून १४०० रुपये झाले.

“तीन वर्षं सांगतेय, फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात,” बायको म्हणाली. “तुझ्या गिटारला सर्दी झाली तेव्हा वायरमन आला.” यावर पुरावे द्यायचे नाहीत हे मी आता शिकलोय.

मित्र डबा चार दिवस माझ्याकडेच ठेवून गेला होता. गुणगुण गेल्यावर मी तो नीट ऐकला. खोटं कशाला बोलू, फरक आहे. गिटारचा व्हॉल्यूम अर्ध्यावर आणला की नव्यात आवाज हळूहळू निवळतो, माझ्यात तो एकदम पायरी उतरतो. तार हळू छेडली की जोरात, हे नव्याला जास्त कळतं. पण हा फरक चहातल्या वेलदोड्याएवढा, आणि माझी बोटं अजून दूध नासवण्याच्या पायरीवर. ज्याला रोज स्टेजवर उभं राहायचंय त्याने जरूर घ्यावा. मी तारांचा नवा संच आणला, कारण पावसाळ्यात जुन्या तारांना एवढा गंज चढला होता की बोटं तांबूस व्हायची. मित्राचा डबा परत दिला. घरात इतकी शांतता झाली की फ्रिजचं पाणी ठिबकताना ऐकू यायला लागलं.

आठवड्याने काकू पुन्हा जिन्यात. चेहरा उतरलेला.

“का रे, तंबोरा बंद केलास?”

“त्रास होत होता ना तुम्हाला, काकू?”

“त्रास कसला? चढा होता एवढंच म्हटलं. पांढरी पाच माझी पट्टी. दुपारी गाताना मी सवयीने तेवढी वर घ्यायचे. आता यांच्या मोबाइलवर तंबोरा लावते, पण मधेच कोणाचा तरी फोन येतो.”

मी वर आलो. मशीन चालू केलं, त्या न पाहिलेल्या पानावर गेलो, हमचा आकडा शून्यावरून सहावर नेला आणि स्पीकर फरशीवर ठेवला. गुंईं सुरू झालं. पैसे मोजून घेतलेलं, अस्सल नकली.

पाच मिनिटांत फोन वाजला.

“अरे,” काकू म्हणाल्या, “पट्टी का बदललीस?”