बोट आज सुटणार नाही म्हणजे नाही

दुपारपासून डोकं ठणकतंय. लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही, म्हणून लिहितेय. लांबलं तर लांबू दे.

जपानमधल्या इझू द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर दोगाशिमा आहे. रेल्वे नाही, शुझेंजीहून बसने वळणं घेत यावं लागतं. इथल्या बोटी वीसेक मिनिटांत खडकांमधून फिरवून तेनसोदो गुहेत नेतात. गुहेचं छत मधोमध कोसळलंय, त्या भगदाडातून ऊन थेट पाण्यावर उतरतं आणि पाणी आतून पेटल्यासारखं निळं होतं. आज पश्चिमेचा वारा सुटला होता. तिकीटखिडकीवर सकाळपासून पाटी होती, आज बोटी बंद. आणि खिडकीसमोर एक मराठी कुटुंब आतल्या वयस्कर बाईंवर आवाज चढवून भांडत होतं. "इंडियाहून आलोय." "डबल पैसे घ्या." "एवढं लख्ख ऊन पडलंय, कुठाय वादळ?" बाई प्रत्येक वाक्याला वाकून माफी मागत होत्या. वाऱ्याची माफी! मी मध्ये पडले, मराठीत समजावलं, तर गृहस्थ माझ्यावरच घसरले. "तुमचं काय, तुम्ही इथेच राहता. थोडं पुढे जाऊन बघायला काय हरकत आहे? नाही जमलं तर फिरा की परत."

याच वाक्याने माझं डोकं फिरलं. सांगते का ते.

23 एप्रिल 2022. जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाच्या टोकाला शिरेतोको आहे, जागतिक वारसा असलेला किनारा, कडे आणि समुद्रात पडणारे धबधबे बघायला उतोरो बंदरातून बोटी जातात. त्या दिवशी सकाळीच जोराच्या वाऱ्याचा आणि लाटांचा इशारा आला होता. एक बोट तरीही सुटली. ठरलं काय होतं, तर निघू, समुद्र बिघडला तर परत फिरू. बोटीच्या पुढच्या झाकणातून पाणी आत शिरलं. 26 जण होते, त्यांतला एकही जिवंत परत आला नाही. सहा जण तर सापडलेच नाहीत. पाणी चार अंशांच्या आसपास होतं, अशा पाण्यात अंगातलं लाइफ जॅकेट किती वेळ पुरणार? पुढे त्या कंपनीचा परवाना गेला, 2024 मध्ये मालकाला अटक झाली. पण "पुढे जाऊन बघू" म्हणून निघालेली ती माणसं गेली ती गेलीच.

आणि आज तेच वाक्य माझ्याच भाषेत, एका बापाच्या तोंडून, शेजारी त्याची शाळकरी मुलगी उभी असताना.

आई इथे आली होती तेव्हाची गोष्ट मला सारखी आठवतेय. आई हर्णैची. आजोबांची होडी होती, त्यामुळे समुद्राचं कौतुक तिला मुळीच नाही, आदर मात्र फार. मी तिला ईशान्य जपानमधल्या इवाते प्रांतातल्या तानोहाता गावाला नेलं होतं. तिथले मच्छीमार आपल्या छोट्या साप्पा होड्यांतून लोकांना कड्यांच्या पायथ्याशी फिरवतात. याच होड्यांतून ते एरवी अबालोन शंख आणि समुद्री शेवाळ काढतात. डोक्याला हेल्मेट, अंगात लाइफ जॅकेट, आणि कितायामाझाकीचे दोनशे मीटर उंच कडे मान मोडेपर्यंत वर बघायचे. मजा म्हणजे खडकातले बोगदे, होडी त्यांतून आरपार जाते. आमचे तांडेल, म्हणजे होडी चालवणारे, सत्तरीच्या पुढचे असतील. बोगद्याच्या तोंडाशी त्यांनी इंजिन मंद केलं आणि नुसते बघत बसले. पाणी आत ओढलं जायचं तेव्हा खडकाचा काळा, शिंपल्यांनी भरलेला पट्टा हातभर उघडा पडायचा, आणि पुढच्या लाटेला छतापर्यंत फेस. त्यांनी तो पट्टा उघडताना आणि झाकताना पाहिला, पुन्हा पाहिला, आणि काही न बोलता होडी वळवली.

आई मला म्हणाली, "शहाणा माणूस आहे हो. याच्याबरोबर कुठेही जाईन मी."

कुणी म्हणेल, ते तरी निघाले होतेच की. हो, निघाले होते, कारण बाहेर समुद्र बसलेला होता, उसळी फक्त बोगद्यात होती आणि बंदर पाठीमागे दिसत होतं. इशारा असताना सुटणं वेगळं आणि चांगल्या हवेत अर्ध्यातून वळणं वेगळं. हा फरक हर्णैच्या शाळकरी पोरालाही कळतो. आपल्याकडे जून-जुलैत मासेमारी बंद असते, नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय कोळी होडी लोटत नाही. पावसाळ्यात गेटवे-मांडवा बंद असते तेव्हा कोणी खिडकीवर डबल पैसे दाखवतं का? मग परदेशात आलं की समुद्र आपला नोकर कसा होतो?

मान्य, दोगाशिमाची आजची पाटी फक्त जपानीत होती. तेवढं त्यांनी सुधारायला हवं. आणि मान्य, सुट्ट्या मोजक्या, तिकिटं महाग. पण या दोन्हींचा लाटेशी काय संबंध?

खरा राग मला टूरवाल्यांचा येतो. आठ दिवसांत टोकियो, फुजी, क्योतो, ओसाका, आणि मध्ये कुठेतरी अर्धा दिवस "बोट राइड". हिवाळ्यात पश्चिम इझूला पश्चिमेचा वारा झोडपून काढतो, बोटी कितीदा बंद असतात, हे कोणी सांगत नाही. नारुतोच्या सामुद्रधुनीचंही तेच. भोवरे बघायला लोक जेवून वगैरे निवांत भर दुपारी पोचतात आणि "इथे तर काहीच नाही" म्हणून नाराज होतात. अहो, ते भरती-ओहोटीवर चालतं! पुलाच्या दोन बाजूंच्या समुद्रांची पातळी वेगळी होते आणि पाणी त्या अरुंद खिंडीतून धाव घेतं, उधाणाला तर ताशी वीस किलोमीटरच्या आसपास. कोणत्या तारखेला किती वाजता चांगलं दिसेल याचं वेळापत्रकच छापलेलं असतं. अमावास्या-पौर्णिमा गाठा, तास गाठा, मग बघा कसे गरगरतात ते. कोकणातल्या माणसाला उधाण आणि भांग, म्हणजे मोठी आणि लहान भरती, शिकवावं लागतं, याचं वाईट वाटतं.

ज्यांच्याकडे खरंच एकच दिवस आहे त्यांनी ईशान्य जपानमधल्या मात्सुशिमाला जावं. अडीचशेच्या वर बेटं, प्रत्येकावर वाकडे पाइन, आणि त्या बेटांच्या आडोशाला खाडी बरीच शांत. 2011 च्या त्सुनामीत याच बेटांनी लाटेचा जोर मोडला, म्हणून ते गाव शेजारच्या गावांच्या मानाने वाचलं. तानोहाताचं नशीब तसं नव्हतं. तिथलं शिमानोकोशी स्टेशन लाटेने उचलून नेलं, मच्छीमारांच्या होड्या गेल्या. आमच्या तांडेलांनी जाताजाता डोंगरावर बोट करून पाणी कुठपर्यंत आलं होतं ते दाखवलं होतं. आईला जपानी येत नाही, त्यांना मराठी नाही, पण आईने हात जोडले आणि त्यांनी मान झुकवली. ज्या माणसाने समुद्र तसा पाहिलाय, तो "आज नको" म्हणाला तर मी कोण वाद घालणारी?

धक्क्यावर परतल्यावर तांडेल पैसे परत द्यायला लागले, बोगदा झाला नाही म्हणून. आईने घेतले नाहीत. मी "घे गं, त्यांना बरं वाटेल" म्हणाले, तर म्हणाली, "आपल्याला सुखरूप आणलं त्याचे आहेत ते."

लिहितालिहिता राग जरा उतरलाय. त्या कुटुंबातली मुलगी मात्र डोळ्यांसमोरून जात नाही. भांडण संपल्यावर मी तिला विचारलं, वरून बघायचीय का गुहा? कारण तेनसोदोच्या डोक्यावरून पायवाट आहे, कठड्याला टेकून त्या भगदाडातून थेट खाली पाणी दिसतं. बोट बंद असली तरी ते बंद नसतं, आणि ओहोटी असेल तर समोरच्या सानशिरो बेटाकडे जाणारी दगडगोट्यांची वाटही उघडी पडते. ती आली, तिची आईही आली. खाली लाट आत घुसून भिंतीवर आपटत होती, आवाज छातीत बसत होता. मुलगी आईला म्हणाली, "आपण आत्ता यात असतो?" बाबा बसथांब्यावर फोनमध्ये होते. ते आले नाहीत.

तर, पुढच्या महिन्यांत इकडे येणाऱ्या सगळ्यांना: समुद्राकाठी एक रात्र जास्तीची ठेवा, बोट ठरवाल ती पहिल्या दिवशी ठरवा म्हणजे दुसरा दिवस हाताशी राहील, आणि सकाळी निघण्याआधी फोन करून विचारा. जपानी येत नसेल तर मला मेसेज करा, मी करते फोन, मनापासून करते. पण बोटवाले म्हणाले "आज नाही", तर मी तुम्हाला तेवढंच सांगेन. "जरा आग्रह करून बघ ना" म्हणालात तर मी फोन ठेवेन.