एल्फिन्स्टनसाहेबांचे कागद आणि आपले डोळे

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातले इंग्रजांचे रेसिडेंट (वकील) आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर, यांचं नाव आपल्याकडे कॉलेजला लागलं; स्टेशनला लागलं ते त्यांच्या पुतण्याचं, लॉर्ड एल्फिन्स्टनचं. स्टेशनचं २०१८ मध्ये प्रभादेवी झालं, कॉलेज अजून तग धरून आहे. पण माउंटस्टुअर्टसाहेबांचे खासगी कागद वाचायची दुर्बुद्धी ज्याला सुचते, त्याला संध्याकाळची विरार लोकलसुद्धा ऐसपैस वाटू लागते.

हे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ‘एमएसएस युर एफ ८८’ या क्रमांकाखाली आहेत. आत पेन चालत नाही, शिसपेन्सिल चालते. मी म्हणतो, दोन न्या. टोक मोडतं ते नेमकं अक्षर लागायला लागलं की.

पहिला घोटाळा साधाच आहे. पत्र लिहिणाऱ्याकडे राहत नाही, ज्याला पोचलं त्याच्या कपाटात राहतं. त्यामुळे साहेबांच्या पेटाऱ्यात आपल्याला भेटतात ते साहेबांना लिहिणारे. खुद्द साहेब काय म्हणाले, हे पाहायला त्या लिहिणाऱ्यांचे पेटारे उघडा, नाहीतर नकलांच्या वह्या आणि रोजनिश्या धुंडाळा. सरकारी पत्रव्यवहार आणखी तिसरीकडे. मुंबईचं दफ्तरखानं १८२१ मध्ये, साहेब गव्हर्नर असतानाच सुरू झालं, आणि ते आज आहे एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. साहेबांना चुकवून साहेबांपर्यंत जाताच येत नाही.

दुसरा घोटाळा नावांचा. यादीत ‘गायकवाड’ शोधाल तर हात हलवत परत याल. तिथे ‘गुइकोवार’ बसलेत. भोसले ‘बूंसला’, शिंदे ‘सिंदिया’, खडकी ‘किर्की’. त्रिंबकजी डेंगळ्यांचं ‘डेंग्लिया’ वाचून एखाद्या तापाची आठवण होते. उपाय एकच. नाव मोठ्याने म्हणायचं, कानाला जसं ऐकू येईल तसं गोऱ्या कारकुनाच्या हाताने लिहून पाहायचं आणि प्रत्येक नावाची पाच-सहा स्पेलिंगं पालथी घालायची. वाचनालयात मोठ्याने बोलता येत नाही, म्हणून हा अभ्यास घरी करून जावा.

आता अक्षर. शब्दात दोन एस आले की पहिला एफसारखा लांबुळका निघतो, म्हणून ‘पझेशन’ हा शब्द भलताच काही वाटतो. घरगुती पत्रांत तर कहर. टपालाचा दर कागदांच्या संख्येवर, म्हणून भरलेलं पान आडवं फिरवून त्याच ओळींवर पुन्हा काटकोनात लिहायचं! चाळणीतून वाचल्यासारखं होतं. अशा वेळी कागद उचलायचा नाही, आपणच मान टेबलाजवळ नेऊन ओळींच्या दिशेने तिरकं पाहायचं. एका दिशेच्या ओळी मग उठून दिसतात आणि दुसऱ्या मागे सरतात. मानेचं काय होतं ते विचारू नका.

तारखेत ‘इन्स्ट.’ म्हणजे चालू महिना, ‘अल्ट.’ म्हणजे गेला महिना. हे विसरलात तर लढाई महिनाभर आधीच होऊन जाते. घडीच्या बाहेरच्या बाजूला पाठवणाऱ्याचं नाव आणि पोचल्याची तारीख असते, ती आधी टिपावी. केप ऑफ गुड होपला वळसा घालून विलायतेला पत्र जायला पाच-सहा महिने लागत. जहाज बुडेल या भीतीने महत्त्वाच्या पत्राच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या जहाजांनी धाडत. वर कोपऱ्यात ‘डुप्लिकेट’ लिहिलेलं असतं. ते न पाहता ‘नवा पुरावा सापडला’ म्हणून नाचणारे विद्वान काही कमी नाहीत.

क्रमांक पृष्ठाला नसतो, पानाला असतो. पोथी हाताळलेल्यांना हे पटकन कळतं. मागच्या बाजूचा हवाला देताना क्रमांकापुढे ‘व्ही’ (व्हर्सो, म्हणजे पाठ) लावायचं. फोटो काढायची परवानगी असेल तर आधी क्रमांकाच्या चिठ्ठीचा काढावा, नाहीतर घरी चारशे फोटो आणि एकाचाही पत्ता नाही.

एवढं करून नेमकं हवं तिथे भगदाड. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, आपल्या लोकांनी संगमावरची रेसिडेन्सी पेटवली आणि साहेबांची पुस्तकं नि कागदपत्रं त्यात गेली. मराठी माणूस म्हणून छाती फुगते. वाचक म्हणून मात्र कपाळावर हात जातो.

मग पुण्याचं पेशवे दफ्तर. तिथे मोडी, दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नाही, आणि वर साल ‘समान अशर मयातैन व अलफ’. इथे समान म्हणजे सारखे नव्हे, आठ. आठ, दहा, दोनशे, हजार, मिळून १२१८ शुहूर, म्हणजे मराठी दफ्तरातला अरबी आकड्यांचा सन. इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेर त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. एक चुकलात की पेशवाई वर्षभर जास्त टिकते, आणि ते मग छापूनही येतं.