जुनिपर कोकणात जगत नाही म्हणणाऱ्या काकांना उत्तर

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया वाचली. रागाने लिहिलीय पण मुद्दे धरून आहे, म्हणून दोन ओळीत न उरकता सविस्तर लिहिते, बाकीच्यांच्याही उपयोगी पडेल.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. देवगडच्या या काकांनी माझा जुनिपरवरचा (सुरूसारखा बारीक पाला असलेलं, कुंडीत आणि बोन्सायला लावतात ते शोभेचं झाड) लेख वाचून दोन रोपं आणली, घरामागच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या माळावर, खड्डे मारून लावली, पाऊसभर हिरवीगार होती आणि गणपती झाल्यावर आठ दिवसांत एक अख्खं तपकिरी झालं, दुसरं अर्धं. काकांचं म्हणणं असं की ही थंड हवेची झाडं, आपल्या दमट खाऱ्या हवेत जगतच नाहीत, आणि मी "काटक झाड" असं लिहून लोकांना खर्चात पाडते. शिवाय तसलंच काही हवं असेल तर किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत की, परदेशी झाड हवंय कशाला.

आधी ते आठ दिवसांचं बघू, कारण सगळं त्यातच आहे. तुमचं झाड गणपतीनंतर मेलेलं नाही काका, ते बहुतेक जुलैतच गेलं होतं. जुनिपरची खोड अशी आहे की मुळं कुजली तरी पाला कित्येक आठवडे हिरवा राहतो. पानं बारीक, वर मेणाचा थर, आतलं पाणी लवकर सुटत नाही, त्यात पावसाळी हवा, मग ते वाळणार कशानं? जास्वंदीला त्रास झाला की दुसऱ्या दिवशी माना टाकते, आपल्याला कळतं. हे काहीच सांगत नाही. मग पाऊस उघडतो, भाद्रपदाचं ऊन पडतं, आणि सगळं एकदम तपकिरी होतं, आणि आपल्याला वाटतं उन्हानं गेलं. मग लोक काय करतात तर अजून पाणी घालतात.

कळायचं कसं? बुंध्याजवळ नखाने साल जराशी खरवडायची, खाली हिरवट ओलं दिसलं तर जीव आहे, कोरडं तपकिरी असेल तर वरच्या पाल्यावर जाऊ नका. ही तपासणी पावसाळ्यात अधूनमधून करायची.

आता हवेचं. दमट आणि खाऱ्या हवेत जुनिपर जगतच नाही हे मला मान्य नाही. अमेरिकेत फ्लोरिडा म्हणून राज्य आहे, उन्हाळ्यात तिथली हवा आपल्यासारखीच चिकचिकीत, तिथे समुद्रकाठच्या वाळूत जुनिपरची एक जात आपोआप उगवते, सदर्न रेड सीडर म्हणतात. बर्म्युडा बेटावर तर त्यांची स्वतःची वेगळी जात आहे, चारी बाजूंनी समुद्र, बारा महिने खारा वारा. तिथली ९० टक्क्यांहून जास्त झाडं १९४० आणि १९५० च्या दशकांत गेली, पण ती बाहेरून आलेल्या खवले किडीमुळे, खाऱ्या हवेमुळे नाही. जपानच्या किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्यांवर पसरणारी एक जात आहे, तिला शोर जुनिपरच म्हणतात. म्हणजे दमटपणा चालतो, मीठही बऱ्यापैकी चालतं. या सगळ्या ठिकाणी पायाखाली वाळू किंवा भुसभुशीत खडक आहे आणि पाणी थांबत नाही, हे मात्र लक्षात घ्या.

आणि तुम्ही लावलंत कुठे, तर सड्यावर! जांभ्यात खड्डा काढून त्यात माती भरली की तो हौद झाला. बाजूचा कातळ पाणी सोडत नाही, वरून ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोसुद्धा चार महिन्यांत, आणि मुळं त्या हौदात बुडालेली. तिथे माड किंवा आंबा लावतानासुद्धा आपण कातळ फोडून पाण्याला वाट देतो की. मी काटक लिहिलं ते उन्हाला आणि कोरड्याला, आणि त्याच लेखात कुंडीत लावा असं लिहिलंय, पण असू दे, आता कुंडीचंच सविस्तर सांगते.

मातीची कुंडी, खालचं भोक मोठं. माती निम्म्याहून कमी. बाकी जांभ्याची बारीक खडी, चिरे तासताना पडते ती चाळून घ्यायची, धूळ टाकून द्यायची कारण ती ओली झाली की सिमेंटसारखी बसते. नदीची जाड रेती चालेल, समुद्राची वाळू नको. थोडा जळका तूस (भाताची जाळलेली फोलपटं) मिळाला तर बघा, भातगिरणीवर तूस असतोच. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घालू नका, नर्सरीवाला कितीही म्हणाला तरी, ते पाणी धरून ठेवतं आणि पावसात आपल्याला नेमकं तेच नकोय. अजून एक, नर्सरीतून आणलेल्या रोपाचा मुळाचा गोळा बऱ्याचदा चिकट लाल मातीचा असतो. तो तसाच कुंडीत ठेवून बाजूने खडी भरली तर मधला गोळा ओलाच राहतो, तेव्हा कडेची माती हलक्या हाताने थोडी मोकळी करा, सगळी मुळं उघडी मात्र करू नका, ते या झाडाला सोसत नाही. हे काम पाऊस संपून हवा गार झाली की करायचं, डिसेंबर-जानेवारीत.

पावसाळ्यात कुंडी दोन विटांवर आणि जरा तिरकी ठेवायची, बोन्सायवाले करतात तसं, एक कड उंच झाली की पाणी तळाशी साचत नाही. जागा पडवीच्या कडेची, जिथे उजेड भरपूर पण पागोळी थेट कुंडीत पडत नाही. घरात आत नेऊ नका, सावलीत हे झाड आतून पोकळ होत जातं. पाऊस गेला की परत उघड्यावर, निदान सहा तास ऊन. आणि कमी पाणी म्हणजे ठणठणीत कोरडं नव्हे हां, वरची दोन बोटं माती सुकली की भरपूर घालायचं, एप्रिल-मे मध्ये कुंडीला जवळजवळ रोजच लागतं. किनाऱ्याजवळ घर असेल तर उन्हाळ्यात पाल्यावर गोड्या पाण्याचा फवारा मारा, मीठ धुऊन जातं आणि लाल कोळी ही पाल्यातला रस शोषणारी बारीक कीडही सहसा पडत नाही. कोळी आहे का बघायला फांदीखाली पांढरा कागद धरून झटकायचं, ठिपके चालायला लागले की समजा आहे.

छाटणीचं एकच, हिरव्यातच कापा. आतल्या पाला नसलेल्या जुन्या काडीपर्यंत कापलंत तर तिथून परत फूट येत नाही, मेंदीच्या कुंपणासारखं दणादण छाटून चालत नाही.

सुरूचं म्हणाल तर ते झाड मला आवडतं, पण तो जुनिपरच्या जातकुळीतला नाहीच. दिसायला सुया, पण त्या बारीक हिरव्या काड्या असतात, सांध्यासांध्याच्या, पानं त्या सांध्यावर खवल्याएवढी. सुरूला फुलं येतात, जुनिपरला येत नाहीत. आणि तोसुद्धा परदेशीच, तसा आपला काजूही ब्राझीलहून पोर्तुगिजांबरोबर आला, वेंगुर्ल्याला त्याच्या जाती निघाल्या म्हणून आता तो आपला. तेव्हा परदेशी म्हणून नको हे माझ्या गळी उतरत नाही. मात्र कुंपणाला म्हणून लावणार असाल तर तुमचं शंभर टक्के खरं, कोकणात जुनिपरचं कुंपण करू नये, गडग्याच्या कडेला अडुळसा नाहीतर निर्गुडी लावा, गुरं तोंड लावत नाहीत. जुनिपर आपल्याकडे हौसेचं, एखाददुसऱ्या कुंडीतलं झाड.

आणि हो, तुमचं ते नक्की जुनिपरच आहे ना? नर्सरीत मोरपंखीसुद्धा, तेच आपलं शाळेत वहीत ठेवायचो ते विद्येचं झाड, बिनधास्त जुनिपर म्हणून देतात. पाला चपटा, उभ्या पंख्यासारखा असेल तर मोरपंखी, हाताला टोचत असेल तर बहुतेक जुनिपर.

आता ते अर्धं राहिलेलं. एरवी हे काम डिसेंबर-जानेवारीतलं, पण याच्यासाठी तेवढी वाट बघू नका, आजच उकरा. काळी पडलेली, दाबल्यावर साल हातात येणारी मुळं कापून टाका, पांढरट घट्ट आहेत ती ठेवा, वर लिहिलेल्या मिश्रणात कुंडीत लावा आणि महिनाभर पडवीत उजेडाला ठेवा. तपकिरी झालेल्या फांद्या परत हिरव्या होणार नाहीत, त्या काढल्या तरी चालतील, हिरव्याला कात्री लावू नका. खत दिवाळीपर्यंत अजिबात नको, शेणखतसुद्धा नको.