‘एक हार्ड डिस्क घ्या, विषय संपला’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

घरचे फोटो, गाणी आणि गेमच्या फाइली कुठल्या क्लाऊडवर, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या कॉम्प्युटरवर, ठेवाव्यात यावर मागच्या आठवड्यात लिहिलं, त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली. ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ड्रॉपबॉक्सच्या फुकट जागेचा आकडा चुकलाय, सिंक (दोन्हीकडं आपोआप सारखंच ठेवणं) आणि बॅकअप (वेगळी जपलेली प्रत) यातला फरक लेखकाला कळत नाही, एन्क्रिप्शनबद्दल, म्हणजे फाइल कुलूपबंद करण्याबद्दल, एक अक्षर नाही, गूगलनं प्ले म्युझिक ही गाण्यांची सेवा बंद केली तसं उद्या काहीही बंद होईल, शंभर जीबीचे गेम गूगल ड्राइव्हवर कोण चढवतं. आणि शेवटी हे: ‘आधी अभ्यास करा, मग लोकांना शहाणपण शिकवा. मराठवाड्यातल्या नेटवर हे सगळं कागदावरच राहणार. घरात एक हार्ड डिस्क घ्या, विषय संपला.’

ड्रॉपबॉक्सचं तुमचं बरोबर आहे. फुकट २ जीबी मिळतात, मी ५ लिहिले होते. ५ जीबी वनड्राइव्ह आणि आयक्लाऊडचे. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवली की मी कबूल करतो, त्यात मला कमीपणा वाटत नाही.

पण ‘आधी अभ्यास करा’ हे वाक्य मला दोन दिवस झोपू देईना. लातूर जिल्ह्यातल्या औशात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, सोळा वर्षं झाली. बंद पडलेली डिस्क रुमालात गुंडाळून लोक येतात. परवाच एक काका येऊन गेले. मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो एकाच डिस्कवर, आणि ती लावली की नुसतं टक-टक वाजतंय. ‘कितीही लागू द्या, पण काढून द्या’ म्हणत होते. त्यांना नाही म्हणताना माझी काय अवस्था झाली ते मी लिहीत बसत नाही. माझा अभ्यास हा असा झालेला आहे, सर. हेच तुम्ही दोन शब्द नीट वापरून लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? इथं दहावी-बारावीची पोरंही वाचतात.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल.

आमचं गाव किल्लारीच्या जवळ. ३० सप्टेंबर १९९३ ला मी तिसरीत होतो. आदल्या दिवशी गणपती बुडवून सगळे दमून झोपले होते. पहाटे चारच्या आत भूकंप झाला. आमच्याकडची घरं माळवदाची, दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचा जाड थर. आम्ही ओसरीत झोपलो होतो म्हणून वाचलो. आईची लोखंडी ट्रंक मधल्या खोलीत होती. घराचे कागद, बाबांचे मार्कमेमो, दोघांच्या लग्नाचा एकुलता एक फोटो, सगळं तिच्यात. ‘घरात आहे म्हणजे नीट आहे’ असंच आईलाही वाटायचं. ढिगारा उपसला तेव्हा ट्रंक चेपून सपाट झालेली होती, आणि आत जे होतं त्याचा पावसानं लगदा झाला होता. आज आमच्या भिंतीवर लग्नाचा जो फोटो आहे तो उदगीरच्या मामांकडचा. त्याच फोटोची दुसरी प्रत मामांनी काढून घेतली होती, म्हणून आई-बाबांचे तरुणपणीचे चेहरे आम्हाला माहीत आहेत. क्लाऊड म्हणजे काय असं कुणी दुकानात विचारलं तर मी हेच सांगतो: मामाच्या घरी ठेवलेली प्रत.

एवढं माहीत असून मीही पुढं तुमच्यासारखाच वागलो. २००४ साली आजीला जात्यावर बसवून ओव्या टेप केल्या होत्या, चार तास. २००७ ला आजी गेली. कॅसेटींना बुरशी लागायला लागली म्हणून मी त्या कॉम्प्युटरवर घेतल्या, डब्ल्यूएव्हीमध्ये, म्हणजे आवाज न दाबता ठेवणाऱ्या फाइलीत. स्टिरिओ, सीडीच्या दर्जाचं म्हणजे तासाला साधारण ६३५ एमबी. चार तासांचे अडीच जीबी. एका हार्ड डिस्कवर टाकलं आणि विषय संपवला.

२०१६ चा उन्हाळा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तोच. गल्लीतली विजेची डीपी जळाली, लाईट दिवसातून दहादा यायची-जायची. डिस्क लावलेली होती. एकदा लाईट आली आणि डिस्क उठलीच नाही. पुण्याला पाठवली, सोळा हजार गेले, आणि चार तासांतली एकोणीस मिनिटं परत आली. त्यात आजी मध्येच थांबते, जात्यात दाणे टाकल्याचा आवाज येतो, बांगड्या वाजतात, आणि ‘लिहून घ्यायलास का रं?’ असं मला विचारते. मी काय उत्तर दिलं ते त्या एकोणीस मिनिटांत नाही.

अडीच जीबी, सर. जीमेलबरोबर जे १५ जीबी फुकट मिळतात त्यात मावून उरले असते. म्हणून ‘विषय संपला’ हे शब्द मला लागतात. माझ्यासाठी तो विषय खरंच तिथं संपला.

नेटचं म्हणाल तर तुम्ही आमच्याकडं एकदा येऊन बघा. ५ एमबीपीएस अपलोड धरलं तर शंभर जीबीला पंचेचाळीस तासांच्या आसपास लागतात. रात्री दहाला लावायचं, सकाळी सहाला बघायचं, सहा रात्रींत काम होतं. लाईट गेली तर एखादी रात्र वाढेल. आणि सामान्य माणसाकडं शंभर जीबी महत्त्वाचं असतं कुठं? सातबारा, दाखले, घरचे निवडक फोटो आणि म्हाताऱ्या माणसांचे आवाज, एवढंच तर आधी चढवायचंय. ज्यांच्या घरची लाईट कधी जात नाही त्यांनी आमच्या नेटवर बोलावं याचं मला नवल वाटतं.

बाकीचं पटकन. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे हे मला ठाऊक आहे. फोनवर पुसलं की क्लाऊडवरूनही पुसलं जातं, पण ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ते ३० दिवस राहतं, आणि नवख्या माणसाला पहिल्याच लेखात यापेक्षा जास्त सांगून घाबरवायचं नाही असं मी ठरवलं होतं. ज्याला एन्क्रिप्शन हवं त्यानं मेगा ही क्लाऊड सेवा घ्यावी, २० जीबी फुकट आहेत. पण तिथं पासवर्ड आणि रिकव्हरी की (पासवर्ड विसरला तर वापरायची किल्ली) दोन्ही हरवलं तर कंपनीसुद्धा फाइल उघडून देऊ शकत नाही, आणि पासवर्ड विसरलेलं गिऱ्हाईक माझ्या दुकानात रोज येतं. प्ले म्युझिक २०२० ला बंद झालं हे खरं, पण ज्यांनी स्वतःची गाणी चढवली होती त्यांना ती उतरवून घ्यायला काही महिने मिळाले. माझ्या डिस्कनं मला एक मिनिट दिलं नाही. राहिले गेम. शंभर जीबीचा गेम ड्राइव्हवर टाका असं मी लिहिलेलंच नाही, लेख परत वाचा. गेम पुन्हा उतरवता येतो, जपायची ती सेव्ह फाइल, म्हणजे खेळ कुठवर आला त्याची नोंद, आणि ती बहुतेक वेळा काही एमबीची असते. स्टीम या गेम विकणाऱ्या दुकानावर २००८ पासून ती सोय आहे, फक्त प्रत्येक गेमला नाही, म्हणून गेमच्या पानावर स्टीम क्लाऊड लिहिलंय का ते आधी बघायचं. माझ्या भाच्यानं लॅपटॉप फॉरमॅट केला तेव्हा त्याचा दोन वर्षांचा खेळ जिथल्या तिथं सापडला.

आजीची एकोणीस मिनिटं आता दुकानातल्या डिस्कवर आहेत, ड्राइव्हवर आहेत आणि नांदेडला ताईकडं पेनड्राइव्हमध्ये आहेत. डिस्क घेऊच नका असं मी कधी म्हटलं नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहिणार असाल तर आधी एक काम करा. तुमची ती घरातली हार्ड डिस्क कपाटातून काढा, कॉम्प्युटरला लावा, आणि उघडते का ते मला इथं कळवा.