एका वाघाची साडेबारा हजार तिकिटं

ठाण्याच्या तलावपाळीचा कट्टा, दुसरं कटिंग. विषय निघाला मुंबईच्या राणीबागेवरून, म्हणजे तिथल्या प्राणिसंग्रहालयावरून. 2017 मध्ये 5 रुपयांचं तिकीट 50 झालं, ते मंग्याला अजून पचलेलं नाही.

"प्राणिसंग्रहालय कसं ना नफा हवं. तिकीट कशाला?"

"राणीबागेची तूट महापालिका भरते. ट्रस्टचं असेल तर कोण भरणार?" शुभा ट्रस्टांचे हिशेब तपासते. "ना नफा म्हणजे शिल्लक कुणाच्या खिशात जात नाही, एवढंच. तोटा चालतो असं नाही."

तिने वर्तमानपत्राच्या कडेला आकडे मांडले. वाघाला रोज 10 किलो मांस, आठवड्यातून एक दिवस उपास. वर्षाचे 313 दिवस, 3,130 किलो. 200 रुपये किलो धरला तरी 6 लाख 26 हजार. भागिले 50. साडेबारा हजार तिकिटं, तीही नुसत्या जेवणाची.

"पावसात गेट ओस पडतं, वाघ तेवढंच खातो."

"देणगीदार आहेत की! कंपन्यांचा सीएसआर, सामाजिक कामाचा पैसा आहे."

"देणगीदाराला पाटी हवी. नव्या दालनावर नाव लागतं, ते धुणाऱ्याच्या पगारावर कोण लावणार? कंपनी वर्षाचा प्रकल्प बघते, वाघ पंधरा वर्षं जगतो. पेंग्विनला 16 ते 18 अंश लागतात, गर्दी ओसरली म्हणून एसी बंद करशील? आधी देखभालीचा कायम निधी, मग पायाभरणी. इथेच बहुतेक जण उलटं करतात."

"पिल्लं विकायची मग," मंग्या.

"वेडा की काय! केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय वाघ देता-घेता येत नाही. होते ती अदलाबदल. जागा ठरवल्याशिवाय पैदास केलीस तर पिल्लू म्हणजे आणखी एक ताट."

सलीम इतका वेळ गप्प होता. "यात जंगल कुठे वाचलं? येऊरच्या जंगलातल्या बिबट्याला काय मिळालं?"

मुद्दा खरा होता. पिंजऱ्यातल्या पैदाशीने काहीच होत नाही असं मात्र नाही. अमेरिकेतलं काळ्या पायांचं फेरेट, मुंगसासारखं दिसणारं छोटं जनावर, 1987 पर्यंत शेवटचे 18 पकडून वाढवलं, म्हणून पुन्हा माळावर दिसतं. पण 'उरलं तर संवर्धन' म्हटलं की उरत कधीच नाही. कोलोरॅडोतलं शायेन माउंटन झू गेटवरच वाटा काढतं. तिकिटाबरोबर टोकन मिळतं, ते आपल्या आवडीच्या प्रकल्पाच्या पेटीत टाकायचं. जिराफाला लेट्यूस भरवायचे पैसे वेगळे.

"मग 50 चे 60 करा," मंग्या वैतागला, "वरचे 10 जंगलाला."

"आणि ते 10 कुठल्या खात्यात जमा करणार?" शुभाने विचारलं.