एकट्याचं बंड? कादंबऱ्या पुन्हा वाचा

डिस्टोपियन, म्हणजे भयावह, जुलमी भविष्यकाळ रंगवणाऱ्या कादंबऱ्यांचं 'सार' सांगणारा एक मजकूर बराच फिरतोय. म्हणणं असं: या कादंबऱ्यांत एकच माणूस वेगळा असतो, बाकी सगळी मेंढरं; सत्तेला व्यक्ती नको, समूह हवा असतो; तेव्हा गर्दीपासून तुटा, म्हणजे सुटाल. हे वाचन मला नुसतं चुकीचं नाही, घातक वाटतं.

आधी तो 'वेगळा' नायक. जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' (प्रकाशन १९४९) मधला नायक विन्स्टन सत्य मंत्रालयात जुनी वर्तमानपत्रं सत्तेच्या सोयीने बदलत बसतो, आणि त्याला सर्वांत जास्त सुख याच कामात मिळतं, असं ऑर्वेलने स्पष्ट लिहिलंय. कॉम्रेड ओगिल्वी नावाचा कधी जन्मालाच न आलेला वीर तो बसल्या जागी घडवतो. पुढे बंडखोर असल्याचं भासवणारा सत्ताधारी पक्षाचा अधिकारी ओब्रायन विचारतो, गरज पडली तर लहान मुलाच्या तोंडावर अ‍ॅसिड फेकशील? विन्स्टन हो म्हणतो. हक्सलीच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मधला (१९३२) बर्नार्डही तसाच. बाहेरच्या जगातून त्याने आणलेल्या जॉनमुळे लोक भाव देऊ लागताच त्याच्या तक्रारी मावळतात.

आणि मेंढरं कोण? विन्स्टनची पुढे प्रेयसी होणारी ज्युलिया लैंगिकताविरोधी संघटनेचा पट्टा कमरेला बांधून फिरते, 'द्वेषाची दोन मिनिटं' या शत्रूवर ओरडण्याच्या रोजच्या सक्तीच्या कार्यक्रमात घसा फोडून ओरडते. तिचं डोकं दगडाने ठेचावं असं विन्स्टनच्याही मनात येऊन गेलं होतं. नियम मात्र ती त्याच्या कितीतरी आधीपासून मोडत आलेली असते. लोकांना मेंढरं समजणाऱ्याला ज्युलिया कधीच दिसणार नाही.

'सत्तेला समूह हवा असतो', ही खरी मोठी चूक. सत्तेला हवे असतात एकमेकांवर विश्वास न उरलेले लोक, फक्त एका रांगेत उभे केलेले. विन्स्टनचा शेजारी पार्सन्सला त्याची सात वर्षांची मुलगी पकडून देते आणि कोठडीत तो तिचं कौतुक करतो. छळाच्या खोली क्रमांक १०१ मध्ये विन्स्टनचं मत बदलून भागत नाही. 'हे ज्युलियाला करा' असं त्याच्या तोंडून यावं लागतं. शेवटचं नातं तुटतं तेव्हाच सत्तेचं काम पुरं होतं. राजकीय विचारवंत हॅना आरेंट यांनीही एकाकीपणाला सर्वंकष सत्तेची पूर्वअटच मानलं होतं.

आयन रँडची 'अँथम' (१९३८) मात्र या मजकुरात चपखल बसते; तिचा नायक खरोखरच समूहापासून तुटून सुटतो. एका छोट्या कादंबरीवरून अख्ख्या परंपरेचं सार काढणं मला मान्य नाही.

राहिलं 'तुटा म्हणजे सुटाल'. 'फॅरेनहाइट ४५१'मध्ये (१९५३) पुस्तकं जाळणं हीच नोकरी असलेला माँटॅग शहरातून निसटतो, पण त्याला आसरा देतात ती पुस्तकं पाठ करून जपणारी माणसं. अ‍ॅटवुडच्या 'द हँडमेड्स टेल'मध्ये (१९८५) मुलं जन्माला घालण्यासाठी कैदेत ठेवलेल्या बायका रात्री पहारेकऱ्यांना चुकवून, ओठ वाचत, खाटेवरून खाटेकडे एकमेकींना आपली खरी नावं कळवतात. स्वतःचं नाव टिकवायलाही तिथे दुसरी बाई लागते.

हे कादंबरीबाहेरही दिसलंय. १९५० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी रेषांची लांबी ओळखायला सांगून प्रयोग केले. बाकी सगळे ठरवून चूक उत्तर देत, आणि एकटा पडलेला माणूस अनेकदा त्यांच्या मागे जाई. खोलीत एकच जण बरोबर बोलणारा ठेवला, की बहुमताचा दबाव सुमारे चौथाईवर येई.